ताकावरची फुंकर

आमच्या डायलिसिस युनिटच्या हेड सिस्टरला मी मनातल्या मनात एक नाव पाडलं होतं: ताकफुंकी. बाई अल्बानियाची, पन्नाशी उलटलेली, शिस्तीला कडक. सौदीतल्या यान्बूच्या या हॉस्पिटलात आम्ही नाना देशांच्या नर्सेस, आणि सगळ्याजणी तिला वचकून. पण कॅन्टीनमध्ये ती फ्रिजमधून लबन काढायची, म्हणजे इथलं ताक, आणि प्यायच्या आधी त्यावर हळूच फुंकर मारायची. ग्लासला बाहेरून घाम फुटलेला, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि ही ताक निववतेय!

मनात आलं ते बोलल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. एकदा म्हटलंच, "सिस्टर, ते थंड आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि काकडीच्या कोशिंबिरीवरही फुंकर मारली.

मग मी तिला सांगितलं की आमच्या मराठीत ताक फुंकून पिणारा म्हणजे आधी कुठेतरी पोळलेला, घाबरलेला माणूस. तिने जरा विचार केला. "पोळलेय खरं," ती म्हणाली. "पण मी घाबरून नाही फुंकत." आणि ट्रे उचलून वॉर्डकडे निघून गेली. मला दिवसभर चैन पडलं नाही.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून इथे आमचा रविवार शुक्रवारीच येतो. घरातल्या घरात प्रार्थना, मग जेवण. नवऱ्याने जेद्दाला शराफियातल्या भारतीय दुकानांतून ज्वारीचं पीठ आणलं की भाकरी. अशाच एका शुक्रवारी मी तिला जेवायला बोलावलं. नवरा जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला उभा राहिला. त्याची प्रार्थना म्हणजे देवाला सगळ्या नातेवाइकांची खबरबात. चुलत्याच्या गुडघ्यापासून भाचीच्या परीक्षेपर्यंत. मुलगी डोळे मिटल्यामिटल्या "पपा, फास्ट" म्हणत होती. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर पाहुणीच्या गालावरून पाणी वाहत होतं.

आमेन झालं. तिने ताकाचा ग्लास उचलला, तीन फुंकरा मारल्या, आणि मग आपण होऊनच बोलली.

तिच्या लहानपणी त्यांच्याकडे कम्युनिस्टांचं राज्य होतं. देव मानणं हाच गुन्हा. चर्चचं गोदाम झालं होतं. तिचे काका पाद्री होते. त्यांना नेलं ते परत आले नाहीत. शाळेत बाई लाडीगोडी लावून मुलांना विचारत, काल जेवायला बसल्यावर आई काय म्हणाली? पोरांना कुठे खोटं बोलता येतं? म्हणून तिच्या आईने प्रार्थनेतले शब्दच काढून टाकले. ताट समोर आलं की तीन फुंकरा मारायच्या. एक पित्याची, एक पुत्राची, एक पवित्र आत्म्याची. शाळेत विचारलं तर खरं तेच सांगायचं: आई म्हणाली, फुंकर मारून खा.

"आणि जेवण गार असलं तर?" माझ्या मुलीने विचारलं.

"तरी फुंकायचं. शेजारीण आईला वेडी म्हणायची. वेडीला कोणी पकडत नाही."

आमचं जेवण त्या दिवशी निवून गेलं. आमच्या गावात चर्चची घंटा पार वेशीबाहेर ऐकू जाते, आणि लहानपणी मला ती सकाळी झोपमोड म्हणून नकोशी वाटायची. ते मला त्या क्षणी आठवलं आणि वाईट वाटलं. मी तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

त्यानंतर ती दर शुक्रवारी येऊ लागली. जेवताना घरी व्हिडिओ कॉल लावायची. तिकडे आईजवळ तिची वहिनी असायची. आई ऐंशीच्या पुढची, आणि तिला विसरण्याचा आजार झाला होता. आधी नातवंडांची नावं गेली, मग घरातल्या खोल्या, मग आमची सिस्टर. "ही कोण बाई?" आई वहिनीला विचारायची. ते ती सोसत होती. नर्सच ती, असे पेशंट तिने पाहिले होते. पण एक दिवस वहिनीने सांगितलं की आई आता क्रूसाची खूणही करत नाही. हातात जपमाळ दिली तर बटणं समजून एप्रनच्या खिशात टाकते.

त्या दिवशी ही बाई माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. "एवढं सरकार, त्याला जमलं नाही," ती म्हणाली. "आईकडून देव कुणाला काढून घेता आला नाही. आणि आता बघ, गेला."

देव तिला विसरला नसेल, असं काहीतरी मी पुटपुटले. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे गं. पण ती एकटी पडली असेल ना?"

सुट्टी मंजूर व्हायला अजून वेळ होता. तोवर आईचं काय होईल, ही तिची धास्ती प्रत्येक शुक्रवारी आमच्या टेबलावर बसलेली असे.

मागच्या शुक्रवारी कॉल लागला तेव्हा तिकडेही जेवणच चाललं होतं. वहिनी आईला चमच्याने दही भरवत होती. आईने फोनकडे एकदा पाहिलं, परक्यासारखं, आणि तोंड फिरवलं. सिस्टर दोन-तीनदा "नाने, नाने" म्हणाली, म्हणजे आई गं. पलीकडे आई दही खात राहिली. मी ताकाचा ग्लास तिच्यापुढे सरकवला, म्हटलं, घोटभर घे आधी. तिने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, ग्लास उचलला आणि सवयीने फुंकर मारली. एक, दोन, तीन.

पलीकडे म्हातारीचं तोंड हलायचं थांबलं. ती फोनकडे बघू लागली. मग तिने मान वळवून दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. वहिनीच्या हातातली वाटी ओढून स्वतःपुढे घेतली आणि त्या थंड दह्यावर ओठांचा चंबू करून फुंकर मारली. एक, दोन, तीन. मग फोनच्या अगदी जवळ येऊन हलक्या आवाजात काही विचारलं. सिस्टरने एकाच शब्दात उत्तर दिलं. म्हातारीने ओठांवर बोट ठेवून पुन्हा काही सांगितलं, आणि हसली. तिला हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

कॉल संपल्यावर आम्ही सगळे सिस्टरकडे बघत बसलो. माझ्या मुलीला धीर धरवेना. "काय म्हणाली आजी?"

"विचारत होती, तू पण आमच्यातलीच का? मी म्हटलं, हो. तर म्हणाली, मग कुणाला सांगू नकोस हं, पोरी."

नवऱ्याने चष्मा काढून पुसला. मी जागची उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडतही होती आणि हसतही होती.

"ओळखलं तिने मला," ती म्हणाली. "मुलगी म्हणून नाही. पण ओळखलं."