रेमेचं मत

रेमेदिओस हे नाव फक्त कागदावर. कादिस शहराच्या ला विन्या वस्तीत सगळे तिला रेमे म्हणायचे. वय अठ्ठावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून तिनं कुणाला हाक मारली तर पहिल्या मजल्यावर माझ्या कपातली कॉफी हलायची. नवरा वारला, मुलगी कामासाठी जर्मनीला गेली, तरी रेमेनं इमारत सोडली नाही. एकवीस वर्षं ती तिथं भाडेकरू होती. माझं घर स्वतःचं, जन्मभर बस चालवून घेतलेलं. हा फरक पुढे किती महागात पडणार, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आमच्या इमारतीत नऊ घरं. त्यातली चार बघता बघता पर्यटकांना भाड्यानं गेली. मालक चार वेगळे, कुणी माद्रिदचा, कुणी म्युनिकचा. पण चाव्या एकाच एजंटकडे. मुख्य दाराच्या गजांना चाव्या ठेवायच्या, आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेट्या लटकल्या. पहाटेपासून जिन्यावर बॅगांची चाकं खडखडायला लागली. लोक चुकून रेमेची बेल वाजवायचे आणि समुद्र कुठे म्हणून विचारायचे.

"सरळ जा," ती सांगायची, "मोजे भिजले की थांबा."

पण हसून किती दिवस काढणार? दुसऱ्या मजल्यावरच्या घराला परवानाच नाही, हे तिनं सरकारी नोंदवहीत नंबर शोधून काढलं आणि नगरपालिकेत तक्रार केली. तिथं सांगितलं, हे सेव्हियातल्या प्रांतिक सरकारचं काम. सेव्हियाला फोन केला तर म्हणाले, तपासणी तुमची नगरपालिका करते. सात महिने असे गेले. शेवटी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तपासनीस आला. बिचारा तरुण, घामाघूम, हातात फॉर्म. त्यानं बेल वाजवली. दार कुणी उघडलं नाही. तो लिहायला लागला: घर बंद.

"अहो, बंद कसलं?" रेमे म्हणाली. "आत अंडी तळतायत. वास नाही येत तुम्हाला?"

"येतोय ना, बाई. पण वास लिहायला फॉर्मवर जागा नाही."

"मग दार ठोठावा जोरात!"

"त्यांना हक्क आहे न उघडायचा. शिवाय मी येणार हे मालकाला पत्रानं आधीच कळवलेलं असतं."

तो गेल्यावर ती माझ्या दारात आली, खुर्चीत धपकन बसली आणि म्हणाली, "सर्वांदो, चोराला पत्र पाठवून पकडायला येतात रे हे लोक."

मग नवा नियम आला. इमारतीत आणखी एखादं घर पर्यटकांना द्यायचं तर बाकीच्या मालकांचीही संमती हवी, दर पाचांमागे तिघांची तरी. म्हणजे आमच्या नऊत सहा मतं. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर सेव्हियाच्या एका दंतवैद्यानं नुकतंच घेतलं होतं आणि त्याचा अर्ज येणार होता. त्याचं स्वतःचं मत आणि ते चार, झाले पाच. उरलो मी, दोन जुने शेजारी आणि रेमेची घरमालकीण दोन्या कासिल्दा, म्हणजे कासिल्दाबाई. आमच्यातलं एकही फुटलं नाही तर अर्ज पडणार होता.

रेमे कामाला लागली. शेजाऱ्यांच्या घरी मसूर नेऊन दिली, त्यांच्या शंका ऐकल्या, नियम वाचून दाखवला. मत मात्र तिला नव्हतं, कारण ती भाडेकरू. मग रविवारी ती गाडीनं हेरेसला गेली, दोन्या कासिल्दांकडे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंनी तिला जेवायला बसवलं, गुडघ्यांची रडगाणी सांगितली आणि मुखत्यारपत्रावर सही करून दिली: सभेत माझ्या वतीनं रेमेदिओसनं मत द्यावं. रेमे ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून, छातीशी धरून घेऊन आली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

जूनमध्ये इमारतीच्या खालच्या चौकात मालकांची सभा भरली. लेवांते वारा सुटलेला, कागद हातात ठरेनात. व्यवस्थापकानं हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि तेवढ्यात दारातून दोन्या कासिल्दा आत आल्या, भाच्याच्या दंडाला धरून.

"मी स्वतः आलेय," त्या व्यवस्थापकाला म्हणाल्या. "म्हणजे ते पत्र आता लागणार नाही ना?"

"नाही लागणार."

रेमे उभी राहिली. "अहो, तुम्हीच तर सही केलीत!"

"केली गं. तेव्हा मनात होतं तसंच." त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. "माझ्याच्यानं आता एकटीनं होत नाही. हा म्हणतो, सगळं मी बघतो, तू फक्त हो म्हण."

त्या हो म्हणाल्या. सहा मतं झाली. मग व्यवस्थापकानं दुसरा विषय वाचला: दोन्या कासिल्दांच्या स्वतःच्या घरासाठी परवानगी. म्हणजे रेमेच्या घरासाठी. तिचा करार नोव्हेंबरात संपत होता.

"मला बोलायचंय," रेमे म्हणाली.

"सभा मालकांची आहे, बाई."

"एकवीस वर्षं हा जिना मी धुतेय! तोंड उघडायला आता घर विकत घेऊ?"

व्यवस्थापकानं हात वर करायला सांगितलं. पुन्हा सहा हात वर गेले.

मला आजही सलतं ते वेगळंच. सुधारलेली नोटीस सभेच्या आठवडाभर आधी मालकांना आली होती. मलाही आली होती. पहिलं पान मी वाचलं, दुसरं उलटलंच नाही. दुसरा विषय त्या पानावर होता. रेमेनं मला तिथंच विचारलं, "तुला माहीत होतं?" मी खरं ते सांगितलं. तिनं पत्राची पिशवी उचलली आणि ती जिना चढून गेली.

कादिसमध्ये घर मिळेना. चौफेर पाणी, इथं नवी इमारत बांधणार कुठे? नोव्हेंबरात ती सान फेर्नांदोला चुलत बहिणीकडे गेली, एका खोलीत. शाळेच्या कामाला रोज गाडीनं यायची आणि सुटल्यावर नगरपालिकेत जायची. तिचं घर आता पर्यटकांना जात होतं, तीन झोपायच्या खोल्या म्हणून. झोपायच्या खोलीला खिडकी हवी असा नियम, आणि त्यातल्या मधल्या खोलीला खिडकीच नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिथं तिनं एकवीस वर्षं इस्त्री केली होती. तिनं तक्रार केली, नकाशे काढले, कचेरीतल्या माणसांना नावानं ओळखायला लागली. दीड वर्षानं मोजणी झाली आणि परवाना रद्द झाला.

मी तिला फोन केला. ती धावतच आली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर चढलो. तिच्या जुन्या दाराला कुलूप, खाली गजांवरची चाव्यांची पेटी काढून नेलेली.

"आता कोण राहतं इथं?"

"कोणी नाही. भाचा म्हणतो, भाडेकरू नकोत, नंतर निघत नाहीत. बंदच ठेवणार."

रेमेनं दाराला कान लावला, जणू आत कुणी असेल. मग माझ्याकडे वळली. "बंद?" ती म्हणाली. "सर्वांदो, मी जिंकले ना रे?"

मी तिला कॉफीला चल म्हणालो. तिची पावणेसहाची गाडी होती, ती थांबली नाही.