गुळव्याची पहाटेची साखर

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. दौंड तालुक्यातल्या आमच्या गावच्या गुऱ्हाळावर मामा गुळव्या होते. काहिलीत उकळणारा रस नेमका कधी उतरवायचा, हे त्यांनीच सांगायचं. साठीनंतर त्यांना इन्सुलिन सुरू झालं. नवरा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ सुई देण्याचं काम माझ्याकडे आलं. शिरूरहून माझ्या भावाने साखर मोजायचं यंत्र आणून दिलं आणि त्या दिवसापासून मी घरातली फौजदार झाले.

पण आकड्यांचा मेळच बसेना. रात्री झोपताना मोजावं तर दीडशेच्या आत. सकाळी उठल्याबरोबर, चहाचा घोटही घेतलेला नसताना, दोनशेच्या वर. उपाशी माणसाची साखर उतरायला हवी, एवढं मला दहावी नापास असूनही कळत होतं. अशीच राहिली तर डोळे जातील, असं गावातल्या डॉक्टरांनी बजावलेलं. मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. एकच अर्थ उरत होता: मामा चोरून गूळ खातात.

"मामा, खरं सांगा. काय खाल्लं?"

"तू वाढलंस तेवढंच, पोरी."

"गुऱ्हाळावर चाखावं लागतंच की."

"पान्यात थेंब टाकायचा आन् गोळी वळती का बघायची. त्याला चाखायचं कशाला?"

मला ते पटलं नाही. मी त्यांच्या बंडीचे खिसे तपासले, तंबाखूची पुडी निघाली. गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. सकाळचा आकडा तसाच. शेवटी मी तडक गुऱ्हाळाच्या मालकाकडे गेले आणि मामांना कामावर बोलावू नका म्हणून सांगून आले. हंगाम भरात होता. मामा दिवसभर घरीच. ओट्यावर बसून राहायचे. वाऱ्यावर रसाचा वास आला की मान वर करून आपल्याशीच म्हणायचे, "आता उतरवाय पायजे."

दिवसभर ते माझ्या डोळ्यांसमोर होते, तरी सकाळी साखर दोनशेच्या वरच. माझं डोकंच चालेना. यंत्र बिघडलं म्हणावं तर माझी साखर ते बरोबर दाखवायचं. कुणावर चिडावं तेच कळेना.

दोन महिन्यांनी दौंडला नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर, असं तीन दिवस मोजायला लावलं. मी मामांच्या खोलीतच अंथरूण टाकलं. तीनला साखर ठीक होती. सहाला चढलेली. मधल्या वेळात मामा कुशीवर वळले, तेवढंच.

"पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं," बाई म्हणाल्या. "लिव्हर आपणहून साखर सोडतं. काहींच्यात ती फार चढते, आणि यांची संध्याकाळची सुई तोवर ओसरते. ती झोपताना देऊ."

"म्हणजे न खाता वाढते?"

"न खाता."

मला हसावं की रडावं कळेना. पंधरा दिवसांत सकाळचा आकडा खाली आला. मी मामांसमोर जाऊन बसले.

"मामा, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होता."

मामांनी यंत्राकडे बोट केलं. "हे बोललं तवा मी चोर. आता बी हेच बोललं, म्हणून साव. माझं कवा ऐकलंस तू?"

मी उठले आणि गुऱ्हाळावर गेले, म्हटलं मालकांना सांगावं, उद्यापासून मामा येतील. चुलाण थंड पडलं होतं. काहील धुऊन पालथी घातलेली. हंगाम संपला होता आणि पुढच्या वर्षासाठी मालकांनी दुसरा गुळव्या ठरवला होता.

रात्री झोपताना सुई भरून मी मामांकडे गेले. हे त्यांना कसं सांगावं याचा विचार करत उभी राहिले. मामांनी रोजच्यासारखी बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे केला.