शर्टासाठी मांडलेलं साम्राज्य

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही इतिहासाचा. त्यामुळं कॅलेंडरच्या पाठीवर काढलेल्या नकाशावरच्या लढाईत मला कुणी हरवील, हे मला पटतच नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं. बाहेर माणसं एका नावासाठी लाठ्या खात होती आणि आम्ही दोघं छावणी भागातल्या भाड्याच्या खोलीत चिंचोक्यांच्या फौजा घेऊन दख्खन जिंकत होतो. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

पैज शर्टाची होती. माझा खोलीतला जोडीदार फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. मुलाखतीसाठी म्हणून दोघांनी मिळून गुलमंडीतून एकच पांढरा शर्ट घेतलेला, आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यानं दोघांनाही एकाच सकाळी बोलावलं. जिंकेल त्यानं शर्ट घालायचा.

नियम साधा. जिंकलेला किल्ला रिकामा सोडला, तर दर डावाला त्याच्यासाठी फासा टाकायचा. एक पडला की बंड, किल्ला गेला. राजधानी गेली की डावच संपला.

मी पैठण घेतलं, बीड घेतलं, थेट नांदेडला धडकलो. जोडीदार आपल्या तीन किल्ल्यांवर बांध घालावा तसे चिंचोके रचत बसलेला.

“आरं, मागं कोन ठिवलंस?”

“मागं कशाला ठेवायचं?”

मला खरंच कळलं नव्हतं. आमच्याकडं मेंढरं घेऊन निघायचं म्हणजे तवा, कोंबड्या, धाकटी बहीण, सगळं घोड्यावर लादायचं. मागं उरायचे चुलीचे तीन दगड. त्यांना राखण कोण ठेवतं?

एक पडला, बीड गेलं. मग पैठण. माझी अजिंक्य फौज नांदेडात उभी, आणि त्यानं दोन चिंचोक्यांत माझी रिकामी राजधानी घेतली.

“लेका, राज्य नाय केलंस तू, मेंढरं चारून आलास!”

मुलाखतीच्या सकाळी जोडीदारच शर्ट पुढं करून म्हणाला, “घाल तूच. तुझी कॉलर लई फाटलीय.”

“हरलोय मी. उपकार नकोत,” म्हणालो आणि फाटक्या कॉलरनंच गेलो.

कॉलरकडं साहेबांनी पाहिलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, “टिकाल ना इथं?”

मी छाती काढून सांगितलं, “साहेब, म्हणाल तिथं जाईन. एका जागी बसणारा माणूस नाही मी.”

नोकरी गोदाम सांभाळायची होती. ती जोडीदाराला लागली.