नानांच्या हीटरचा रॉड

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा राव? गिऱ्हाइकाच्या मापावर, होलसेलवाल्याच्या शब्दावर, की स्वतःच्या डोळ्यावर? ओतूरला इलेक्ट्रिकचं दुकान टाकल्यापासून माल संपतो, किस्से संपत नाहीत. या थंडीत तर एका रॉडनं मला पार वेडं केलं!

आणे गावाहून भागूनानांचा फोन. "भाऊ, लेक बाळंतपणाला आलीय. बाळ नऊ दिसांचं, अन् हीटरचा रॉड तुटला."

"नाना, नवा घ्या की!"

"नव्याला पंखा हाय. बाळाला वारं लागंल, म्हातारी ऐकत न्हाई. कोळशाची शेगडी ठिवतो खोलीत, दार लावून."

मी फोनवरच ओरडलो. "शेगडी नको! कोंडलेल्या धुरानं जीव जातो, नाना. माप सांगा."

"दीड वीत, चार बोटं!"

मी मोजून पुण्याहून रॉड मागवला. नाना आले, लावला, तर आखूड! त्यांनी आपला पंजा माझ्या पंजावर ठेवला. त्यांचा नांगर धरलेला, माझा स्क्रू पिळणारा.

"तुमची वीत लई बारकी, भाऊ!"

म्हणजे चूक माझीच!

*

पुण्याहून दुसरा रॉड यायला चार दिवस, तोवर नाना शेगडी पेटवणार. खोडदच्या मास्तरांकडे तसलाच हीटर होता. गाडीला किक मारली अन् निघालो. बघतो तर परसात हीटरचा डबा, आत कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"मास्तर, रॉड कुठाय?"

"भंगारात दिला. ही लाईटबिगर ऊब देती!"

*

आता खरं सांगतो. तसला हीटर माझ्या घरातही होता. पण त्याच्यापुढं सासूबाई गुडघे शेकत बसलेल्या! मुक्काम महिन्याचा.

मी जेवता जेवता ताट सारलं. नाना एव्हाना कोळसा फोडत असतील, एवढंच डोक्यात. सासूबाई देवळात गेल्या, तसा मी रॉड काढला अन् तडक आणे गाठलं. शेगडी दारात मांडलेलीच होती, पेटवायची तेवढी बाकी. रॉड बसला, लाल झाला. बाळानं मुठी सैल सोडल्या. नानी म्हणाली, "च्या घ्या, पावणं." मला बसवेना, तसाच निघालो.

घरी आलो, तर सासूबाई हीटरपुढं हात धरून बसलेल्या.

"जावईबापू, हा तापंना का?"

"पार्ट गेलाय, मामी. लई जुना हाय, बाजारात कुठंच मिळंना!"

त्यांनी शाल आवळली अन् माझ्याकडं बघत म्हणाल्या,

"मग तुमचं दुकान कशाचं हाय?"