दौलतच्या जाळीतली मरळ

कोराडीच्या तलावावर आला की दौलत आधी गळ टाकत नसे, जाळी टाकत असे. हातात एक मासा नाही आणि हा गडी काठावर खुंटी ठोकून जाळी बांधतोय. लोक हसत. तो म्हणे, "पाव्हणा यायच्या आंधी घर झाडा लागते गा."

ती जाळी म्हणजे नायलॉनची लांब पिशवी, आत तारेची कडी. धरलेला मासा घरी जाईपर्यंत पाण्यात जिवंत राहावा म्हणून. आम्ही बाकीचे ती पूर्ण बुडवायचो. दौलत वरची कडी पाण्याबाहेर ठेवी. मरळ वर तोंड काढून श्वास घेते, बुडवून ठेवली तर पाण्यातच गुदमरते. माझ्या कितीक मरळी तशा मेल्या, तरी मी जाळी बुडवतच राहिलो. दौलतनं सांगितलं म्हणून करायचं, हे माझ्या रक्तात नाही.

त्याचा एक नियम मात्र सगळा काठ पाळायचा. ज्याचा गळ मासा ओढू लागला, त्या माणसाला हाक मारायची नाही. मी एकदा अशा वेळी तंबाखू मागितली, तर त्यानं ढेकूळ फेकून मारलं. "मासोळी माह्यासंग बोलून राहिली, तू मधात काहून बोलतो?"

गेल्या हिवाळ्यात त्याची पोरगी शोभा, मौद्याला दिलेली, रामदासपेठेतल्या दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर खा म्हणत होते, तिच्या तोंडात घास जाईना. बाबानं धरलेल्या मरळीचा रस्सा असेल तर पिईन, म्हणाली. ऑपरेशननंतर मरळ अंगी लागते, पण ती जित्तीच पाहिजे, असं आमच्याकडे मानतात. दौलत सकाळीच येऊन बसला. दुपारपर्यंत एक चांगली मरळ जाळीत आली. मी म्हटलं, जा आता. तो म्हणाला, "अजून एक होऊ दे. पोरीचा रस्सा पातळ नाही पाहिजे."

थोड्या वेळानं त्याच्या गळाची काठी वाकली. तो बाभळीला टेकलेला, मान खाली, नजर पाण्यावर असल्यासारखी. काठीचं टोक थरथरत होतं. मोठी आहे, असं आम्ही खुणेनंच एकमेकांना सांगितलं. कोणी तोंड उघडलं नाही. ऊन उतरलं तरी तो दोरी ओढेना, तेव्हा मी उठून त्याच्या खांद्याला हात लावला.

खांदा गार होता. काठी त्याच्या मांडीखाली अडकली होती आणि पलीकडून मासा ती हलवत होता.

माणूस मरून गेला होता आणि आम्ही त्याचा मान राखून गप्प बसलो होतो.

ती मरळ मीच ओढली, जाळीतली सोडवली, दोन्ही बादलीत घेतल्या. त्याला घरी नेलं. अंगणात बायका रडत होत्या. दौलतची बायको, आमची वहिनी, रडली नाही. तिनं बादलीत डोकावून पाहिलं.

"माह्या घरी आता चूल पेटत नाही, भाऊजी. तुमच्या घरी रांधा. पोरीले पाजा, मंगच सांगा."

माझ्या बायकोनं रस्सा केला. मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. शोभा उशीला टेकून बसली, वाटीभर प्याली, ओठ पुसले.

"काका, बाबा काहून नाही आले?"

मी डब्यातला उरलेला रस्सा तिच्या वाटीत ओतला.

"हे पिऊन घे आंधी," म्हणालो.