आईच्या गाण्याची मास्टर टेप

घशाच्या कॅन्सरमुळे आईचं स्वरयंत्र काढावं लागलं. घरी आल्यावर ती ओठ हलवून बोलायची आणि मी ते वाचायचे. एका दुपारी ती म्हणाली, "माझं गाणं लाव."

लग्नाआधी आईने दादरच्या एका छोट्या स्टुडिओत गौरीची गाणी गायली होती. ती कॅसेट आमच्या लालबागच्या चाळीत इतकी वाजली की शेवटी फीतच तुटली. कॅसेट काढणारी कंपनीही बंद पडलेली. मालकांच्या मुलाचा नंबर मिळवला. तो म्हणाला, "मूळ रेकॉर्डिंगच्या मास्टर टेपा घोडपदेवच्या गोदामात आहेत. हवी ती घेऊन जा."

गोदाम गळत होतं. खोक्यांचा लगदा झालेला. आईची टेप वरच्या फळीवर होती, म्हणून निदान हातात तरी आली.

परळला जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देणारे एक काका होते. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "मंद आचेवर सुकवतो. पण फितीवरचा थर सुटतोय. एकदाच वाजेल."

टेप वाजवायच्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून आली.

आधी नुसती खरखर. मग आईचाच कोवळा आवाज, "दादानू, वाईच पाणी गावात काय?" कोणीतरी हसलं. ढोलकी सुरू झाली, आई गाऊ लागली. दोन ओळी झाल्या आणि आवाज विरत गेला. काकांनी मशीन थांबवलं. त्यावर तपकिरी भुकटी साचली होती.

"पुढचं गेलं, वहिनी," ते हळूच म्हणाले.

आईने खुणेने पुन्हा लावायला सांगितलं. कॉम्प्युटरवरून त्यांनी लावलं. टेपवरच्या आवाजाने पाणी मागितल्यावर तिने थांबवायला हात वर केला. गाणं नको होतं तिला. तेवढंच वाक्य ती परत परत ऐकत राहिली. मला मात्र तिथे बसवेना.

काही दिवसांनी तिने विचारलं, "माझ्याबरोबर गाणाऱ्या बायकांच्या टेपा आणशील?" त्यातल्या कितीतरी आता हयात नव्हत्या. मी लगेच फोन लावला.

"अहो, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली," मालकांचा मुलगा म्हणाला. "गोदाम रिकामं केलं. सगळं भंगारवाल्याने नेलं."

आई माझ्याकडे बघत होती. मी नकारार्थी मान हलवली.

तिचे ओठ हलले, "सगळ्याच?"