टीव्हीच्या डब्यातले वडील

वडील गेले तेव्हा फोटो करून आणायचं काम माझ्याकडे आलं. सावेडीतल्या स्टुडिओवाल्यानं त्यांच्या ओळखपत्रावरच्या चेहऱ्याला निळा कोट चढवला, लाल टाय बांधला आणि मागे ढग सोडले. आमच्या वडिलांनी जन्मभर ट्रक चालवला. कोट सोडाच, शर्टाचं वरचं बटणसुद्धा त्यांनी कधी लावलं नव्हतं. "सगळ्यांना असंच करतो," स्टुडिओवाला म्हणाला. आमच्या भिंतीवर कुणीतरी बँक मॅनेजर लटकला आणि आई रोज त्याला हार घालायला लागली. मला ते बघवेना.

म्हणून मी तो टीव्ही मागवला. टीव्ही म्हणजे टीव्ही नव्हे, फोटो दाखवायचं यंत्र. पण घडण सगळी जुन्या टीव्हीची: लाकडी रंगाचा डबा, बाजूला दोन गोल बटणं, वर अँटेना, खाली चार तंगड्या. बटणं फिरतात, पण त्यानं काहीही होत नाही. मोबाईलवरून फोटो पाठवायचे, ते एकामागून एक दिसत राहतात. मी सुप्याच्या कंपनीत माल तपासतो, दुसऱ्यांच्या कामातली खोट काढणं हा माझा धंदा, आणि मी त्या खोट्या बटणांवर भाळलो. कारण लहानपणी आमच्या गल्लीत तसला एकच टीव्ही होता आणि तो आमचा नव्हता. रविवारी त्यांच्या दारात चपला काढून, त्यांची मर्जी बघून बसायला लागायचं. पन्नाशीत का होईना, बटणांचा टीव्ही आपल्या घरात आला याचा मला भयंकर आनंद झाला. येईल तो पाहुणा आधी बटण फिरवायचा. मी सांगायचो, "शोभेचं आहे." तरी फिरवायचाच.

वडिलांचे फोटो शोधले तर थोडेच निघाले. एका लग्नात फेटा बांधून जिलबी खाताना, ट्रकच्या पायरीवर बसलेले, भंडारदऱ्याला उन्हात डोळे बारीक केलेले. बायको म्हणाली, "एवढ्याशा फोटोंसाठी एवढा डबा?" मग तिनं माहेरची सगळी बारशी, महाबळेश्वरची सहल आणि तिच्या भावाच्या नव्या गाडीची पूजा त्यात भरली. बँक मॅनेजरला मी भिंतीवरून उतरवलं.

आई अकोले तालुक्यातली. तिच्याकडची रीत अशी, की माणूस गेल्यावर वर्ष होईपर्यंत रोजचं पहिलं ताट त्याच्या फोटोला दाखवायचं, भोवती पाणी फिरवायचं आणि मगच आपण जेवायचं. टीव्ही आल्यावर पहिल्या दिवशी तिनं ताट धरलं तेव्हा समोर वडील होते. पाणी फिरवेपर्यंत फोटो बदलला आणि माझा मेहुणा आला, नव्या गाडीला टेकून, काळा चष्मा लावून.

"आगं बाई! जित्या मान्साला दावलं की मी!"

"आई, मशीन आहे ते."

"मशीन असंल न्हाईतर काय बी असंल. आदी फोन लाव त्याला."

लावला. मेहुणा ठणठणीत होता, जरा सर्दी होती एवढंच. सर्दी म्हटल्यावर आईनं मीठ-मोहऱ्या काढल्या आणि माझ्या मोबाईलवरून ओवाळून टाकल्या. फोन चालूच होता. मेहुणा पलीकडून हॅलो हॅलो करत होता.

तेव्हापासून आई ताट घेऊन वडिलांची वाट बघत बसायला लागली. बारशी जायची, महाबळेश्वर जायचं, गाडी चारी बाजूंनी जायची. वडील आले की चटकन ताट पुढे. कधी लवकर यायचे, कधी आमटी पार गार व्हायची.

अडचण एवढीच होती की आईला शुगर आहे. गोळी घेतली की वेळेवर पोटात घास जायलाच हवा. एका दुपारी मी घरी आलो तर ताट मांडीवर, आई घामानं डबडबलेली, हात थरथरतायत आणि नजर टीव्हीवर. मी तिच्या तोंडात साखर कोंबली. मी लई घाबरलो होतो आणि घाबरलो की मी ओरडतो. "या खुळापायी जीव जाईल तुझा एक दिवस!"

"आलेच आस्ते की आता," आई म्हणाली.

संध्याकाळी मी सगळे फोटो काढून टाकले आणि पायरीवरचा एकच ठेवला. बायकोनं अबोला धरला, कारण तिचं अख्खं माहेर मी पुसलं होतं. पण आता टीव्हीत सदा न कदा वडीलच. आई ताट दाखवायची आणि लगेच जेवायची. शुगर जागेवर आली. डॉक्टर खूश झाले आणि मी तर स्वतःवर फारच खूश झालो.

मग लक्षात आलं की आई टीव्हीकडे बघतच नाही. ताट उरकल्यासारखं दाखवते आणि पाठ फिरवून जेवते. एका रविवारी जेवताना तिनं मान खाली घालूनच विचारलं, "त्ये पयल्यासारखं फिरतं करता यील का रं?"

"कशाला? आता कायम समोर आहेत की."

"म्हनूनच." ती ताटातली शितं गोळा करत राहिली. "गाडीवर गेले की कदी यित्याल ह्याचा नेम नसायचा. जलम गेला माजा ताट झाकून बसन्यात. हितं बी तसंच वाटायचं, आत्ता यित्याल. आता हालंना झालेत. मेल्यावानी दिसत्यात."

वडील गेले तेव्हा पाहुणेरावळे, शववाहिका, दहावा, सगळं मी निभावलं होतं. रडू आलं ते त्या दिवशी, आमटी-भातावर.

हात धुऊन आलो आणि बायकोकडून तिचं माहेर परत मागून घेतलं. आईला म्हणालो, "फिरतं करतो. पण आधी तू थोडं खायचं, मग वाट बघायची."

"आन त्ये उपाशी?"

"ट्रकवाला माणूस तो. ढाब्यावर खाऊन येईल."

आईला हसू फुटलं. "व्हय, यायचे खरे खाऊन. वास यायचा ना तोंडाला रश्श्याचा." पदरानं डोळे पुसत तिनं भाकरी मोडली. "तरी घरी आल्यावर परत जेवायचे. मला वाईट वाटू नाई म्हनून."